ब्रॉग, अरवेल आणि आचलचं स्थळ

९ नोव्हेंबर, रविवार

आज दादाच्या घरी त्याच्या मुलीला, आचलला, बघायला अकोल्याची मंडळी आली होती. मुलगा अमोल, बँकेत आहे. वडील खुशालराव, मूळ तेल्हाऱ्याचे, अजून शेती-वावर सांभाळतात. पोहे झाले. मग रीतीप्रमाणे मुलामुलीला गच्चीवर बोलायला पाठवलं. आधी हसण्याचे आवाज आले, मग भांडणाचे.

पाहुणे गेल्यावर आचलने वृत्तांत दिला. "त्याले ब्रॉग आवडते, मले अरवेल." कोणालाच काही कळेना. नंतर उलगडा झाला की दोघंही 'व्होल्कारा' नावाचा व्हिडिओ गेम खेळतात आणि हे त्यातले दोन नायक आहेत.

दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "गज्या, तू कॉलेजात शिकवतं. हे काय भानगड हाय ते पाह्य. ब्रॉगवाला पोरगा कसा असते, सांगजो. तू हो म्हटलं का आपला होकार."

खुशालराव उत्तरासाठी पुढच्या रविवारपर्यंत थांबणार आहेत. मी तर्कशास्त्र शिकवतो. तुलना हा माझा प्रांतच. चार दिवस पुरेत.

१० नोव्हेंबर

कॉलेजला रजा टाकून एस.टी.ने अकोल्याला. अमोलच्या बँकेसमोर चहा घेत घेत चौकशी केली. दारू नाही, तंबाखूचा खर्रा नाही, उधारी नाही. इतकं स्वच्छ चारित्र्य पाहून बरं वाटलं, थोडी शंकाही आली. म्हणजे जे काय असेल ते गेममध्येच असणार.

घरी येऊन लॅपटॉपवर गेम घेतला. खातं कोणत्या नावाने उघडायचं? टोपणनाव घेणं म्हणजे लपून पाळत ठेवणं. ते बरोबर नाही. 'प्रा. गजेंद्र गावंडे, अमरावती' असं पूर्ण नाव टाकलं आणि अमोललाच फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली. ज्याची तपासणी चाललीय त्याला ती माहीत असली पाहिजे. लगेच उत्तर आलं, "नमस्कार काका 🙏". संस्कार दिसतात.

१२ नोव्हेंबर

सुरुवातीलाच एक पूल आहे. त्यावर एक राक्षस आहे. तपशिलात जात नाही.

प्राथमिक निरीक्षण: अरवेल आधी विचार करतो, मग तलवार काढतो. ब्रॉग आधी कुऱ्हाड मारतो आणि कोणाला लागली ते मग बघतो. माझा कल अरवेलकडे. पण हा कल प्रामाणिक आहे का? अरवेलचा स्वभाव माझ्यासारखा आहे म्हणून तर मला तो आवडत नाही ना?

बायकोला, साधनाला, विचारलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "काहो, विचार तुमी करता हे खरंच हाय. त्याच्या पुढचं कधी पाह्यलं नाही मी."

हिने गेम खेळलेला नाही, त्यामुळे तिच्या मताला मर्यादा आहेत.

१४ नोव्हेंबर

महत्त्वाचा शोध. मूळ गेमला जोड म्हणून आणखी तीन गेम निघालेत. एक रेसिंगचा, एक स्वयंपाकाचा, एक नायकांच्या बालपणाचा. माणसाला फक्त लढाईत बघून मत बनवणं अन्यायाचं आहे. सवडीच्या वेळी तो कसा वागतो? तिन्ही घेतले. पुलाचा प्रश्न तात्पुरता बाजूला ठेवला.

स्वयंपाकाच्या गेममध्ये ब्रॉग खानावळ चालवतो. साठ माणसं जेवतात, एक पोळी करपत नाही, आणि भांडी तो स्वतः घासतो! अरवेल मीठ किती घालावं याचा विचार करतो तोवर गिऱ्हाईक उठून जातं. संसाराच्या दृष्टीने ब्रॉग उजवा.

संध्याकाळी रेसिंग. ब्रॉगने तीन जणांना नालीत ढकललं. अरवेल सिग्नलला थांबून शेवटचा आला. ट्रॅकवर सिग्नल नव्हता, तरी.

आता सगळंच पुन्हा मांडावं लागेल.

१५ नोव्हेंबर

दादाचा फोन. "उद्या रविवार हाय. काय सांगू त्यायले?" मी आठवडाभराची मुदत मागितली. स्वयंपाक आणि रेसिंगमधली विसंगती समजावून सांगू लागलो. लाइन तुटली. रेंजचा प्रॉब्लेम असावा.

१७ नोव्हेंबर, दुपारी १

स्टाफरूममध्ये मोकळ्या तासाला लॅपटॉप उघडला. तास मोकळा नव्हता, हे नंतर लक्षात आलं. धर्मेंद्र शिपाई निरोप घेऊन आला आणि मागेच उभा राहिला. "सर, मारा ना त्याले! काहून उभे हा?" त्याला म्हणालो, मी लढत नाहीये, निरीक्षण करतोय. तेवढ्यात राक्षसाने मला पुलाखाली टाकलं. धर्मेंद्रला फार आनंद झाला.

उद्यापासून कॉलेजात गेम बंद.

१८ नोव्हेंबर

कॉलेजात फक्त अर्धा तास.

१९ नोव्हेंबर

आचल घरी आली. मी विचारलं, तुला अरवेलच का आवडतो? मनाशी मुद्दे तयार होते: संयम, विवेक, मितभाषीपणा. ती म्हणाली, "काका, त्याचे केस मस्त हायेत."

हे उत्तर मी नोंदीत धरलं नाही.

मग ती हळूच म्हणाली, "मले तो मुलगा पसंत हाय काका. ब्रॉग असो का कोणी असो." मी म्हणालो, पसंती वेगळी आणि निष्कर्ष वेगळा. त्यावर ती म्हणाली की अचलपूरचं एक स्थळ अमोलच्या मागे लागलंय, आपलं उत्तर गेलं नाही तर ते लोक सोमवारी अकोल्याला जाणार. "बाबा तुमच्यासाठी थांबून राहिले अन् मी बाबांसाठी." उठताना तिचा चेहरा बघवेना.

शुक्रवारी निकाल. शब्द.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बालपणाचा गेम. लहानपणी ब्रॉग आईविना वाढला. डोळ्यांत पाणी आलं. आत्तापर्यंतचे सगळे गुण रद्द करून नव्याने देणं भाग आहे.

निकाल उद्या.

२२ नोव्हेंबर

निकाल तयार: दोघेही आपापल्या परीने थोर, अधिक अभ्यासाची गरज आहे.

दादाला फोन केला. उचलला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दादा भाड्याची गाडी घेऊन दारात. "चाल, अकोल्याले जाऊन राहिलो. तुह्या भरवशावर राह्यलो तं पोरगी म्हातारी होईन." दादा, वहिनी, आचल, साधना आणि मी. मी निकालाची उजळणी करत होतो.

खुशालरावांनी चहा दिला. मग घसा साफ करून म्हणाले, मुलगी चांगली, घर चांगलं. एकच गोष्ट खटकते. त्यांनीही अमरावतीत चौकशी केली होती. आमच्या कॉलेजात. "मुलीचा काका तास सोडून दिवसभर गेम खेळत राह्यते म्हणे. घरात असं व्यसन, तं आमाले इचार करा लागते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादाने पंख्याकडे. आचलने मान खाली घातली. मी तुलनात्मक पद्धतीबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर साधनाने माझ्या पायावर पाय दिला आणि तो उचललाच नाही.

तेव्हा अमोल बोलला. "बाबा, काका माह्या लिस्टात हायेत. मी रोज पाहून राहिलो. ते अजून पहिल्या पुलावरच हायेत. व्यसनी माणूस इतका खराब खेळतच नाही." आणि त्याने मोबाइलवर माझा सगळा रेकॉर्ड वडिलांसमोर धरला.

खुशालरावांनी चष्मा लावला. मी पुलावरून किती वेळा पडलो ते वाचलं. आधी खांदे हलले, मग बशीतला चहा. "अरे, हे तं गरीब माणूस हाय!" आचल रडता रडता हसत होती. दादाने तिथेच पेढे मागवले. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुढच्या महिन्यात. लग्न होईपर्यंत गज्या लॅपटॉपला हात लावणार नाही, असाही शब्द दादाने देऊन टाकला. मला न विचारता.

नीट विचार केला तर लग्न माझ्या अभ्यासामुळेच जमलं. हे गाडीत सांगावंसं वाटलं, पण विषय निघाला नाही.

परतीच्या वाटेवर साधनालाच माझी दया आली असावी. म्हणाली, "काहो, मंग त्या दोघांत भारी कोन?" दोन आठवड्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी नीट विचारला. मी प्रस्तावनेपासून सुरुवात केली. मूर्तिजापूर यायच्या आत तिला झोप लागली. पण अर्ध्यात थांबणं हा दोन्ही नायकांवर अन्याय झाला असता, म्हणून मी पुढे बोलत राहिलो. निष्कर्षाला पोचलो तेव्हा आचल कानात वायर घालून फोनवर हसत होती आणि दादाने ड्रायव्हरला रेडिओ लावायला सांगितलं.