दोर गप्प असेल तेव्हा

सिद्धेश्वर,
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय भीमराज,

जय भीम. जनकामावशींचा गुडघा कसा आहे? मिनावहिनी, लेक साक्षी बऱ्या असतील. इकडं हळद शिजायला लागलीय, कपड्यांना, भाकरीला, सगळ्याला तोच वास. आमच्या काळ्या शेळीला करडू झालं. कपाळावर पांढरा ठिपका आहे. त्याचं नाव साक्षीनंच ठेवायचं, असं घरात ठरलंय.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. उचलला असतास तरी लिहिलंच असतं. का, ते पुढं सांगतो. पत्र आमची सत्यभामा आणून देईल, तिच्यावर चिडू नकोस. तिला यातलं काही ठाऊक नाही. फक्त एवढं कर, हे धरणाकाठी वाचू नकोस. घरात बसून वाच, आणि मनातल्या मनात वाच.

सोमवारी तू पुन्हा धरणावर धनसिंगच्या पाण्याच्या मोटारीवर जातोयस म्हणे, आणि दोर दत्तप्रसादच्या हातात. पोरगा दणकट आहे, सांगितलं तेवढं बराबर करतो. त्याचीच मला धास्ती आहे.

त्या दिवशीचं तू मला बोलू दिलं नाहीस. पाइपाच्या तोंडाचा गाळ काढायला तू बुडी मारलीस. मी काठावर दोर धरून बसलो होतो. आपलं ठरलेलंच होतं, एक हिसका म्हणजे ढील दे, दोन म्हणजे ओढ. एक हिसका आला, मी ढील दिली. परत एक आला, परत दिली. मग येतच राहिले. तुझा हिसका मला झोपेतही ओळखू येईल. आधी दोर जरा ताणतोस आणि मग झटका देतोस. हा तसा नव्हता. करडू आचळाला लागतं तसा होता, मऊ, सबुरीचा, आणखी दे, आणखी दे म्हणणारा. मी तुला ओढून काढलं.

वर आल्या आल्या तू ओरडलास, "काम होऊन राहिलं होतं, दोर काहून ओढला?"

मी म्हणालो, "तूच ढील मागून राहिला होता की!"

"मी दोराला हातबी न्हाई लावला! भ्यालास तू, भुजंग. वरच्या माणसाचा भरवसा न्हाई तर खाली कशाला जावं?"

धनसिंग हसला. त्याच्या हसण्याचं काही नाही, तुझं ते वाक्य मात्र लागलं. इतकी वर्षं तुझा जीव माझ्या मुठीत ठेवून तू खाली जायचास, आणि मला त्याचा अभिमान होता. तो तू एका वाक्यात काढून घेतलास.

मग मीच माझ्यावर शंका घेऊ लागलो. म्हातारा झालो, हात थरथरला असेल, असं मनाला समजावलं. आणि परवा भर दुपारी एकटाच तिथं गेलो. हे कुणालाच सांगितलेलं नाही. दोराला दगड बांधून पाण्यात सोडला आणि बसलो. वारा नव्हता. पाणी ताटात ठेवल्यासारखं होतं.

दोरानं ढील मागितली.

दिली नाही. ओढून घेतला. दगड नव्हता. गाठ मात्र होती, घट्ट, रिकामी. मी बांधलेली नव्हती ती. डावखुऱ्या माणसाची उलटी गाठ होती, तू कमरेला मारतोस तीच.

तिथं जाऊ नको, हे तुला सांगून उपयोग नाही. तू जाशीलच. म्हणून दोर मला धरू दे. दत्तप्रसाद बाजूला उभा राहू दे. आपल्या जुन्या खुणा आता बाद. त्या काठावर आपण इतक्यांदा मोठ्यानं बोललोय की ज्यानं शिकायचं त्यानं शिकून घेतल्या. ही नवी फक्त कागदावर राहू दे. ढील हवी असेल तेव्हा दोराला हात लावू नकोस. दोर गप्प असेल तोवर मी समजेन की तू आहेस, आणि हळूहळू सोडत जाईन. हिसका आला, एकच का असेना, कोणाचाही असेना, की ओढणार. काम बिघडलं तर बिघडलं. तू चिडलेला चालशील, पण काठावर हवास.

आणि करडाचं नाव. साक्षीनं ते तुझ्या आणि सत्यभामाच्या कानातच सांगायचं. सत्यभामा मला घरात सांगेल. पाण्याजवळ ते कोणी उच्चारायचं नाही. वर आलास की आधी मला ते नाव सांग, मगच मी तुला हात देईन. राग मानू नकोस. मला खात्री करून घ्यायचीय, की वर आलेला तूच आहेस.

नाव ऐकेपर्यंत दोर न सोडणारा,
तुझा भुजंग