खडीवरचा मुक्तछंद

३ ऑक्टोबर, रविवार

टक्, टका-टक्. टक्, टका-टक्.

सातवीत मराठीचे मास्तर टेबलावर डस्टर आपटून कवितेचा ताल धरायचे. पहिल्या बाकावरच्या आम्हा पोरांच्या केसांवर खडूची पूड बसायची आणि आम्ही घसा ताणून चाल लावायचो. तो आवाज आज पहाटे बुटाची नाडी बांधताना अगदी स्पष्ट कानात आला.

ह्याच तालावर मी आयुष्यभर सायकल चालवत आलोय. उजवा पाय गुरू, डावा लघू. डांबरी रस्ता म्हणजे वृत्तबद्ध कविता. कुठे अडखळणं नाही.

आज पहिल्यांदा एकटा गेलो. दंतोपंत नाही. दंतोपंत म्हणजे आमचा दातांचा डॉक्टर. बावीस वर्षं दर रविवारी तो पुढे आणि मी मागे. लोकांना वाटतं, पुढे असतो तो पुढारी. चूक. ताल मागून मी द्यायचो, मोठ्याने कविता म्हणून. घाटात आगगाडीला मागून इंजिन लावतात, तसं.

गेल्या रविवारी पुलाजवळ तो धापा टाकत म्हणाला, अरे, आज तू जरा पुढे ये ना. मी म्हणालो, मधल्या कडव्यात आहे, ताल तुटेल. झालं! पुढे चहाच्या दुकानात त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं की डांबर पुरे झालं, आता मी ग्रॅव्हल करणार, खडीच्या कच्च्या रस्त्यावर, तिथली मजाच वेगळी, ते काही तुझ्याच्याने व्हायचं नाही. मी सोडतोय होय! म्हणालो, खडी मी मूत्रपिंडात खपवून घेतली नाही, रस्त्यावर कशाला घेऊ? सगळे हसले. तो हसला नाही. कप ठेवला आणि निघून गेला.

ठीक आहे. मला काही फरक पडत नाही.

आज वारा मात्र भयंकर होता. बावीस वर्षांत ह्या रस्त्याला असा वारा नव्हता. अर्ध्यातून परतलो. हिला सांगितलं तर म्हणाली, अहो, दोरीवरचा रुमालसुद्धा हलला नाही सकाळपासून.

हिला हवामानातलं कळत नाही.

५ ऑक्टोबर

दंतोपंतची आठवण अजिबात येत नाही. मुद्दाम दिवसभर लक्ष ठेवून पाहिलं. फक्त त्याच्या मानेवर, केस संपतात तिथे, उजव्या बाजूला एक तीळ आहे. तो तेवढा डोळ्यांसमोरून जात नाही. चेहरा नीट आठवेना. मिशी आहे की काढली?

निर्णय : ग्रॅव्हल शिकायचं. ह्याच महिन्यात. खडीवर त्याला गाठायचं, शेजारून सहज पुढे निघायचं आणि जाता जाता, धाप अजिबात न दाखवता, एवढंच म्हणायचं : काय डॉक्टर, इकडे कुठे?

बस्स. पुढे वळून बघायचंसुद्धा नाही.

संध्याकाळी आरशासमोर ही ओळ बसवत होतो. भुवई ‘डॉक्टर’वर उचलावी की ‘कुठे’वर, ठरत नाही. हिने मागून उत्तर दिलं की मी काही डॉक्टर नाही, आणि मी इकडेच असते, बाजूला व्हा, टॉवेल घ्यायचाय.

८ ऑक्टोबर

ग्रॅव्हल बाइक आली! जुनी आहे, पण रंग ओल्या शेवाळासारखा. टायर जाडजूड, सुखवस्तू माणसासारखे. सायकलवाला म्हणाला, काका, हिच्यात हवा कमी ठेवा हं, अंगठ्याने दाबलं की थोडं आत गेलं पाहिजे, खडीवर टणक टायर उड्या मारतात.

ऐकून घेतलं. तेहतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. चूक मला लांबून दिसते. कमी हवा म्हणजे आळस. घरी येऊन दगडासारखी भरली.

हिला कळू दिलेलं नाही. मागच्या बाल्कनीत चादरीखाली आहे. विचारलंच तर इस्त्रीचं टेबल.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ

विचारलं. म्हणाली, इस्त्रीच्या टेबलाला घंटी कधीपासून असते?

१० ऑक्टोबर, रविवार

पहिला दिवस. तलावामागचा कच्चा रस्ता. एकंदरीत उत्तम!

थोडं हादरतं. चष्मा नाकावरून हनुवटीवर आला आणि हनुवटीवरून कुठे गेला ते घरी कळलं. खिशात. पाण्याची बाटली सोडून गेली. घंटी आपोआप वाजत होती, त्यामुळे फिरायला आलेले लोक आधीच बाजूला झाले. ही सोय डांबरावर नाही.

कविता म्हणायला घेतली तर एकेका अक्षराचे चार-चार तुकडे. ओळ कुठे सुरू, कुठे संपली, पत्ता नाही. म्हणजे मुक्तछंद! मास्तरांना त्याचा भारी तिटकारा. म्हणायचे, काच फोडून ठेवली म्हणजे खिडकी होत नाही रे.

पण एक चमत्कार झाला. तोंडातली कवळी वाजायला लागली. टक्, टका-टक्! हुबेहूब डस्टर! मला इतकं भरून आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यामुळे खड्डा दिसला नाही.

बूट पेडलमध्ये अडकवलेले असतात, हे पडायला लागल्यावर आठवलं. सायकलीसकट आडवा झालो. सावकाश, झाड पडतं तसा. एक कुत्रा येऊन हुंगून गेला.

दंतोपंत कुठे दिसला नाही. इतका वेगात जातो की धूळसुद्धा मागे ठेवत नाही? कौतुक नाही, फक्त नोंद.

कवळी त्यानेच केलेली. बसवताना म्हणाला होता, तू कविता म्हणणार, म्हणून ‘स’साठी पुढे जरा जागा ठेवलीय.

१३ ऑक्टोबर

हिला बाजारात डॉक्टरीणबाई भेटल्या. घरी येऊन सांगायला लागली, अहो, त्या म्हणत होत्या की डॉक्टर हल्ली रविवारी... मी हात वर केला. त्या माणसाचा विषय ह्या घरात नको. तरी हिने पुरं केलंच. डॉक्टरांना म्हणे जिना चढतानाही धाप लागते.

लागणारच! खडीवर जीव काढत असणार. मी ग्रॅव्हल सुरू केल्याचं कानावर गेलेलं दिसतं.

चोवीस तारखेला कच्च्या रस्त्यावरची सामुदायिक सायकलफेरी आहे, जुन्या दगडखाणीपर्यंत. नाव दिलं. तो येणारच.

१७ ऑक्टोबर, रविवार

आज एकदाही पडलो नाही. उतरून चालत गेलो तो भाग धरलेला नाही.

हात बधिर, म्हणून अक्षर असं. सायकलवाल्याने टायर दाबून पाहिलं. मग म्हणाला, काका, ह्याच्यावर अक्रोड फुटेल. मी आभार मानले.

वाटेत दोन ओळी सुचल्या :

उधळित जाई धूळ नभाला माझे धावते चाक,
मागे वळुनी बघशिल तेव्हा ऐकशील मम हाक!

प्रतिस्पर्ध्याला उद्देशून आहेत. पण वाचून पाहिल्या तर प्रेमकविता वाटते. दुरुस्ती हवी.

२४ ऑक्टोबर, रविवार, पहाटे

सज्ज! ही दारापर्यंत आली. म्हणाली, अहो, जाण्याआधी एक ऐका, डॉक्टर काही तिथे... नंतर, म्हणालो. मग म्हणाली, निदान कवळी तरी काढून ठेवून जा.

कवळीशिवाय ती ओळ कशी म्हणणार?

२४ ऑक्टोबर, दुपार

तांत्रिक कारणाने माघार.

२४ ऑक्टोबर, संध्याकाळ

इतिहासासाठी तपशील नोंदवून ठेवतो.

सुरुवातीच्या रेषेवर मी सगळ्यात मागे उभा राहिलो. डावपेच. तिथून सगळ्यांच्या माना दिसतात. सगळ्या तपासल्या, ओळीने, मुद्रितासारख्या. तीळ एकाही मानेवर नाही. एका बाईंनी विचारलं, आजोबा, काही हरवलंय का? तेव्हा तरी नव्हतं.

दोन माना रुमालाखाली होत्या. त्यातली एक त्याचीच, माझ्या भीतीने झाकलेली, असं गृहीत धरून निघालो.

खाणीच्या उतारावर त्या दोघांतला लाल सदऱ्यातला रुमालवाला गाठला. आयुष्यात एवढ्या वेगाने मी कुणाच्या शेजारी आलो नव्हतो. वारा कानांत, घंटी अखंड, कवळीचा ताल टक्-टका-टक्, छाती भरून आलेली. तोंड उघडलं आणि म्हणालो, काय डॉ—

टायर दगडावर आपटून उडाला. मी उडालो. खाली आलो तेव्हा मी आणि सायकल एकत्र होतो, पण कवळी आमच्याबरोबर आली नव्हती.

लाल सदरेवाला थांबला. दंतोपंत नव्हता. चांगला माणूस. म्हणाला, आजोबा, दात पडला का? मी बोटांनी दाखवलं, सगळे.

त्या खाणीतला दगड पांढरा आहे, हे लिहून ठेवायला हवं. पांढरा, गुळगुळीत, दाढेएवढा. उतारभर. मी गुडघ्यांवर रांगत होतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा माझ्याकडे बघून हसत होता. फेरीचे स्वयंसेवक ओंजळी भरभरून खडे आणून दाखवत होते, हा का, हा का. एक मी तोंडात घालूनही पाहिला. माप जमलं नाही.

मागून येणाऱ्या टेम्पोत बसून घरी आलो. गुडघ्याला पट्टी. हिने दार उघडलं, मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. दुःखाने असेल.

२६ ऑक्टोबर

चहात बुडवलेली बिस्किटं. केळं. पुन्हा चहात बुडवलेली बिस्किटं.

कविता म्हणून पाहिली. नुसते स्वर येतात.

चौकातल्या दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरीण. म्हणाली, आजोबा, आधीची ज्यांनी केली त्यांच्याकडे साचा असेल, त्यांनाच भेटा ना, कुठे असतात ते? मी कागदावर लिहून दिलं, परदेशी.

सकाळी ही म्हणाली, घर कसं शांत वाटतंय. दुपारी म्हणाली, फारच शांत वाटतंय हो. जा ना त्यांच्याकडे. बावीस वर्षांचा माणूस, दाराबाहेर तर नाही ना काढणार.

मी मान हलवली. त्याच्यासमोर बोळकं घेऊन? ज्या तोंडाने त्याला हसलो त्या तोंडाने? शक्य नाही. मरेपर्यंत बिस्किटं खाईन.

२८ ऑक्टोबर

गुडघा बरा आहे. जुन्या सायकलने डांबरावर चक्कर मारली. वारा आहेच. थेट छातीवर येतो.

पुलाजवळ थांबलो. एक विचार आला की हा वारा जर रोजचाच असेल, तर बावीस वर्षं तो होता कुठे? आणि मला लागला नसेल, तर कुणाला तरी...

अर्धवट सोडला. कवळीशिवाय विचारही नीट चावता येत नाही.

निर्णय : ग्रॅव्हल बाइक विकायची. हार नाही. खडीत मला शिकण्यासारखं काही उरलं नाही.

३० ऑक्टोबर

सायकलवाल्याचा फोन हिने घेतला, कारण माझं बोलणं हल्ली कुणाला कळत नाही. गिऱ्हाईक मिळालंय. कुणी वयस्कर गृहस्थ आहेत. खडीवर आजवर पाऊल ठेवलेलं नाही, पण मित्रमंडळींत सांगून बसलेत की मी खडीवरच जातो. आता एक मित्र खरोखरच जायला लागला म्हणून धाबं दणाणलंय. दुकानात कुणी पाहील म्हणून उद्या परस्पर घरीच येणार आहेत. हे सगळं सांगताना ही उगीचच हसत होती.

काय एकेक लोक असतात! ह्या वयात असली सोंगं! मनाशी खोटं बोलणाऱ्या माणसाची मला खरंच दया येते. उद्या त्यांना चार शब्द सुनवायचे, म्हणजे लिहून द्यायचे. हवा किती भरावी तेही सांगेन.

३१ ऑक्टोबर, रविवार

बेल वाजली. हिला म्हणालो, उघड. ही म्हणाली, तुमचं गिऱ्हाईक, तुम्हीच उघडा.

उघडलं. दारात एक माणूस. टोपी भुवयांपर्यंत, काळा चष्मा, हातात कोरे सायकलचे मोजे, किमतीची चिठ्ठी अजून लोंबत असलेली. जिना चढून धापा टाकत होता. मिशी होती. मी ओळखलं नाही.

त्याने मात्र ओळखलं. आधी मला पाहिलं, मग माझ्या मागे भिंतीला टेकवलेली शेवाळी सायकल पाहिली. चेहरा चुन्यासारखा झाला. गर्रकन वळला आणि जिना उतरायला लागला.

वळला, आणि मानेवरचा तीळ दिसला.

खडीवर पाऊलही न ठेवलेले गृहस्थ! आणि मी महिनाभर त्याची धूळ शोधत होतो!

त्या क्षणी बोळकं, गुडघा, चहाचं दुकान, सगळं विसरलो. महिनाभर घोटलेली ओळ आपोआप बाहेर पडली, भुवईसकट. म्हणालो, काय डॉक्टर, इकडे कुठे? म्हणजे तसं म्हणायचं होतं. निघालं ते असं : काय ऑका, इके कुए?

तो तिसऱ्या पायरीवर थांबला. हळूच मागे वळला. काळा चष्मा काढून खिशात घातला, खिशातून रोजचा काढून डोळ्यांना लावला. पायऱ्या चढून वर आला, माझी हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवली आणि दारातच म्हणाला, आ कर.

उघडंच होतं.