ढोलीमागचं पोतं

माय, मी आता काय काम करते ते तुला सांगायचं राहूनच गेलं. तू गेलीस तेव्हा मी भंडाऱ्याला शिकत होते आणि पोरगी कॉम्प्युटरचं काहीतरी शिकते, एवढंच तुला ठाऊक होतं. आता त्याच शहरात एका खोलीत बसून मी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं काम करते. त्यात एक एजंट आहे. माणूस नव्हे, प्रोग्रामच. पण लोक फोनवर त्याच्याशी आपल्या बोलीत बोलतात आणि तो त्यांची कामं करून देतो. त्यासाठी आम्ही त्याला साधनं देतो, एक तारीख बघायचं, एक बदलायचं, असं. साधनाच्या आत काय आहे ते त्याला दिसत नाही. वर आम्ही दोन-चार ओळी लिहून ठेवतो, तेवढ्याच वाचून तो ठरवतो कोणतं उचलायचं. त्या ओळी तपासणं माझ्याकडे असतं.

आज रविवार. दुपारची धरणाच्या पाण्याकडे येऊन बसले आहे. पाणी इतकं गप्प आहे की खाली आपलं घर अजून तसंच असेल असं वाटतं. डोळे मिटले की तू चुलीपुढे पाठमोरी बसलेली दिसतेस. मागे न बघता हात पुढे करतेस आणि म्हणतेस, "थे आन व." कोणतं, हे तू सांगत नाहीस, मी विचारत नाही. मी लाखोरीच्या डाळीचं गाडगं आणून देते. तेच हवं असतं.

मग धरणापायी गाव उठलं. नव्या वसाहतीतल्या घरात धान साठवायची मातीची ढोली आलीच नाही, हलवताना फुटली. तरी तू म्हणायचीस, ढोलीमागचं पोतं काढ, आणि ढोली असती तर जिथे असती तिथे मी बरोबर जायचे. मला दोन्ही घरं दिसायची. वहिनीला एकच दिसत होतं. ती साकोलीकडची, लग्न होऊन थेट नव्या घरात आलेली. एका सकाळी घरातले तांदूळ संपले, तेव्हा तू तिला ढोलीमागचं पोतं काढून गिरणीत पाठवायला सांगितलंस. ती घरभर फिरली, पत्र्याच्या कोठीमागे तिला एक पोतं सापडलं, ते तिने पाठवलं. ती बिजाई होती, धरणातून वाचलेल्या धानाच्या बांध्यांत पेरायला जपून ठेवलेली. संध्याकाळी तांदूळ होऊन परत आली.

बाबा तिला बोलले, दादाही बोलला. ती भिंतीला टेकून उभी होती. तू सुपातले ते तांदूळ बराच वेळ बोटांनी चाळत राहिलीस. मग म्हणालीस, "तिले काहून बोलता? मी डुबलेल्या घरातलं सांगून राहिली होती. पोरगी या घरात आयकून राहिली होती."

बिजाई मामाकडून आली, पेरणी थोडी मागे पडली, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी तू वहिनीचा हात धरून घरभर फिरलीस. नवं पोतं दाखवून सांगितलंस, हे बिजाईचं, खायचं नाही, पेरणीच्या आधी याला हात लावायचा नाही. "समजलं नाही त मले इचार." मी दारात उभी राहून ऐकत होते. मला थोडा हेवा वाटला होता, की हिला सगळं इतकं नीट सांगितलं जातंय.

गेल्या महिन्यात सानगडीकडच्या एका आजीने फोन केला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ती विसरली होती. म्हणाली, माझी तारीख काढून सांग बाप्पा. आमच्या एका साधनावर लिहिलं होतं, 'रुग्णाची तारीख काढते.' लिहिणाऱ्याच्या मनात काढून टाकणं होतं. एजंटने तेच उचललं. साधनाने तारीख पुसली आणि कोणती पुसली ते त्याला कळवलं. त्याने आजीला ती गोड आवाजात सांगितली. आजी त्या दिवशी पहाटेच्या बसने दवाखान्यात आली, आणि यादीत तिचं नाव नाही. दुपारपर्यंत बाकावर बसली, मग परत गेली. पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन झालं. पण ती बाकावर बसून राहिली, ते काही माझ्या मनातून जाईना.

बैठकीत सगळे म्हणाले, एजंटला अक्कल नाही, दुसरा आणू. मी म्हटलं, त्याला कशाला बोलायचं, आपल्या डोक्यातलं घर त्याला कसं दिसणार? कोणतं घर, हे कुणाला कळलं नाही. मग मी बसून एकेक ओळ नव्याने लिहिली. 'ठरलेली तारीख फक्त वाचून दाखवते, काहीही बदलत नाही.' 'तारीख कायमची रद्द करते. रुग्णाने स्वतः रद्द करा म्हटल्याशिवाय वापरू नये. शंका असल्यास आधी रुग्णाला विचारावे.' लिहिताना तुझा आवाज कानात होता. आता कुणी नुसतं तारीख काढा म्हटलं की तो थांबतो आणि विचारतो, सांगू की रद्द करू? लोकांना त्याचा राग येत नाही. उलट, कुणीतरी आपल्याला विचारतंय हे त्यांना बरं वाटतं.

ऊन उतरलं, पाणी आता तांबूस दिसतंय. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, घडी करून पिशवीत टाकेन. खरं सांगू, तुझं सगळं मला न सांगता कळतं, असंच मी धरून चालले होते. त्या नव्या घरात तुझं मन लागलं का, हे मी तुला कधी विचारलंच नाही.