काठावरचा पावसाळा

पुणे, ३ नोव्हेंबर २०२४

ती. तातेरावकाकांस,
अक्षताचा सविनय जयभीम. वि. वि. मी इकडे खुशाल आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला सगळं सविस्तर विचारायचं आहे, म्हणून पत्रच लिहिते.

आमच्या कंपनीत पाण्याखाली जगून दाखवायचा एक व्हिडिओ गेम तयार होतो आहे. धरणात बुडालेल्या गावाच्या काठी एक पाणबुड्या राहतो. तळातून भांडी, लोखंड, तारा काढायच्या आणि दम संपायच्या आत वर यायचं. आतापर्यंत त्यात बारा महिने एकच हवा होती. आता ऋतू आणायचं ठरलं आणि आमच्या प्रमुख ज्योत्स्नाताईंनी ते काम माझ्यावर सोपवलं. जानेवारीअखेर माझी सहा महिन्यांची उमेदवारी संपते. ऋतू जमले तर मी कायम, नाही तर बॅग भरून मंठ्याची एस.टी.

इथे सगळे मला आभाळ रंगवायला सांगतात. पण खेळणारा तर पाण्याखाली असतो. ऋतू त्याला अंगाला कळला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही तीस वर्षं विहिरींत उतरून लोकांच्या बादल्या नि मोटारी काढल्या. खाली कोणत्या ऋतूत पाणी कसं असतं, ते कळवाल का?

काकूंना जयभीम. तुमची माया आहे तशीच राहू द्यावी.
तुमची,
अक्षता

मंठा, १२ नोव्हेंबर २०२४

चि. अक्षतास,
काकाचा जयभीम व मंगल कामना. तुझं पत्र पोचलं. तुझी काकू गल्लीत सांगून राह्यली की आमची पोरगी पुण्यात पाणीपुरवठ्यात हाय. मी दुरुस्त केलं न्हाई, कारण दुसरं काय सांगावं ते मलाबी कळंना. घरातली पहिली ग्रॅज्युएट, आन् विचारती मला सातवी पासाला. बरं वाटलं.

आता लक्ष देऊन वाच. हिवाळ्यात काठावर दात वाजतात, पण दोन परस, म्हंजे दोन पुरुष उंची खाली गेलं की पाणी गोधडीवाणी ऊबदार लागतं. उन्हाळ्यात उलटं. डोकं कोमट, पाय गार, आन् त्या गारव्यात दम जल्दी संपतो. वरचा ऋतू खाली महिनाभर उशिरा पोचतो, असं समज.

पावसाळ्यात पाणी मातकट. डोळ्याला हात लावला तरी हात दिसत न्हाई. तवा उतरायचं न्हाई. बिलकुल न्हाई. एकदा कारभारीच्या विहिरीत उतरलो आन् वर कुठं, खाली कुठं, कळंना. तोंडातले बुडबुडे गालावरून कुठं जातात ते हातानं चाचपून वर आल्तो.

जेवण वेळेवर करत जा. काकू विचारून राह्यली. लोभ कमी करू नको.
तुझा काका,
तातेराव

पुणे, २२ डिसेंबर २०२४

ती. काकांस,
सविनय जयभीम. वि. वि. तुमचा हिवाळा सगळ्यांना फार आवडला. खेळून बघायला आलेले आठही जण थंडी वाजताच वर पळाले आणि काठावर गारठून मेले. मग एकीला खाली ऊब सापडली. तिनं बाकीच्यांना सांगितलं, आणि सगळे आनंदानं तळाशी जाऊन बसले.

पावसाळा मात्र अडला. पाणी मी तुम्ही सांगितलं तसंच गढूळ केलं. उतरले की काही दिसत नाही, बुडतात. काठावर बसले तर पाणबुड्या उपाशी मरतो, कारण तळातली वस्तू आणून दिली तरच त्याला अन्न मिळतं. आठांतले पाच जण पावसाळ्यात खेळ सोडून उठले. ज्योत्स्नाताईंनी सांगितलं आहे की २० जानेवारीला मालकांना दाखवायचं आहे, तोवर पाणी स्वच्छ कर, वर नुसते थेंब पडू देत, नाही तर ऋतूच काढून टाकू.

पाणी स्वच्छ करणं एका दिवसाचं काम आहे. पण हा खेळ खेळून कुणी खऱ्या गढूळ पाण्यात निर्धास्त उडी मारली तर? तसं माझ्या हातून व्हायला नको. धम्मपालदादा येत्या रविवारी बदनापूरहून घरी आला की त्याच्या लॅपटॉपवर खेळ लावून देईल. एकदा खेळून बघा.

माझ्यावर रागावू नका, पण लोभ ठेवा.
अक्षता

मंठा, ३१ डिसेंबर २०२४

चि. अक्षतास,
जयभीम. धम्मपालनं खेळ लावून दिला. पाऊस लागला तसं मी पाणबुड्याला काठावर बसवलं आन् चहा घेतला. धम्मपाल म्हणे, बाबा, उतरा. मी म्हणलो, पाणी निवळू दे. पाणबुड्या भुकेनं मेला. परत लावला, परत बसवलं, परत मेला. तिसऱ्या बारीला काकू म्हणली, तुमच्या हाती दिलेला माणूस काय जगत न्हाई.

मंग मला राग आला. मी आन् तुझे आजोबा पावसाळ्यात काय मेल्तो? दिवसा लोकांच्या रानात तण निंदायला जायचो, भाकरी तिथंच व्हायची. झड लागली की घरात बसून मागल्या सालच्या अंबाडीचा दोर वळायचो. दोर संपला की त्याच्या खाली जायचं न्हाई, असा आमचा नेम होता. म्हणून चार महिन्यांत दोर वळून होई तेवढंच हिवाळ्यात खोल जाता येई. तू पाणी बराबर घातलं, पोरी. काठावरचं काम घालायला इसरली.

तुझी नोकरी जाईल, याची भीती मला बी वाटती. तरी पाणी स्वच्छ करू नको.

आठवण ठेव.
तातेराव

पुणे, २१ जानेवारी २०२५

ती. काकांस,
सविनय जयभीम. वि. वि. तुमचं पत्र आल्यापासून बारा दिवस मी दुसरं काही केलं नाही. निंदणी घातली, भाकरी घातली, दोर घातला. दोर वळणारे हात तुमचेच आहेत. धम्मपालदादानं तुमचा व्हिडिओ काढून पाठवला, तो बघून केले.

पाणी गढूळच ठेवलं आहे, हे ज्योत्स्नाताईंना मी आदल्या दिवशी सांगून टाकलं.  त्या म्हणाल्या की उद्या मालकांसमोर तूच उभी राहा.

काल पाऊस सुरू झाला तेव्हा मालक आणि त्यांच्यासोबतचे दोघे घाईनं उतरले आणि बुडाले. दुसऱ्या खेपेला काठावर बसले.  खोलीत नुसता पावसाचा आवाज, आणि सगळे दोर वळतायत. चाळीस मिनिटं एकही माणूस उठला नाही. हिवाळ्यात मालक बावीस हात खाली गेले आणि तिथल्या उबेत थांबून राहिले. ऋतू राहणार, मीही राहणार. कायम झाल्याचा कागद परवा मिळेल.

सगळे गेल्यावर ज्योत्स्नाताई एकट्या खेळायला बसल्या. पाणी निवळलं तरी उतरेनात. मी म्हटलं, आता जाता येईल. पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, “थांब गं, अजून दोन हात दोर होऊ दे. आणि हा पावसाळा थोडा लांबव.”

तुम्हा दोघांच्या मायेत सदैव राहू इच्छिणारी,
अक्षता