एकेचाळीस रकाने

३ मार्च, मंगळवार

या हातांनी आजवर केलेल्या गोष्टी, कुठल्याही कॉलेजात न जाता, कोणालाही न विचारता: अकरा वेबसाइट. जेवणाचं टेबल (हलत नाही). भिंतीवरच्या नऊ फळ्या, लेव्हलचा बुडबुडा बरोबर मधोमध. बाथरूमची कडी. हिच्या चष्म्याची डावी दांडी, दोनदा.

यातलं एकही कधी बंद पडलेलं नाही!

बंद पडलं ते मी न केलेलं — होस्टिंग. म्हणजे वेबसाइट बांधायची मी, पण ती राहणार कुठल्याशा कंपनीच्या मशिनवर, भाड्याने. ते मशिन काल सकाळपासून सात तास झोपलं आणि माझ्या अकराच्या अकरा क्लायंटच्या वेबसाइट त्याच्याबरोबर झोपल्या.

दातांच्या डॉक्टरबाईंचा फोन: "अहो, इंटरनेटवर माझा दवाखाना बंद दिसतोय, आणि इथे माझे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात आहेत!" मी विचारलं, मग फोन कोणी धरलाय? "त्यानेच."

ड्रायव्हिंग स्कूलवाले ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "चूक कोणाची का असेना, ब्रेक ज्याच्या पायाखाली त्याने दाबायचा," एवढं म्हणून फोन ठेवला.

लागलं ते. होस्टिंग बदलणार. अकराही जणांचं. पारखून.

४ मार्च, बुधवार

तक्ता आखला. पाच कंपन्या — सध्याची धरून. एकेचाळीस रकाने. फोन कितव्या रिंगला उचलतात. उचलल्यावर नमस्कार की नुसतंच हॅलो. थांबवून ठेवताना संगीत कोणतं, मध्येच तुटतं का. वेबसाइटवर हेडफोन लावून हसणारा माणूस आहे का, आणि तोच दुसऱ्या कंपनीकडेही हसतोय का. (पाचही ठिकाणी तोच हसतोय. प्रत्येकी एक गुण वजा.)

ही डोकावली. "माझ्याशी लग्न ठरवताना तीन प्रश्न विचारले होतेत."

मी म्हटलं, तेव्हा पर्याय एकच होता.

दुपारचा चहा मिळाला नाही.

७ मार्च, शनिवार

पाचही कंपन्यांकडे महिनाभराची जागा घेतली. प्रत्येक ठिकाणी एकच पान चढवलं, आमच्या किटलीचा फोटो. फोटो तोच, वजन तेच. स्टॉपवॉच माझ्या हातात, पान उघडायचं बटण हिच्या.

"दाब!"

"दाबलं."

"दाबलं म्हणून सांगायचं नाही, दाबायचं."

"मग तुम्हाला कळणार कसं?"

पहिल्या, म्हणजे जुन्या कंपनीच्या वेळी तिने मध्येच दूधवाल्याला पैसे दिले. ते सेकंद वजा केले. शेवटी निकाल आला: जुनी कंपनी तीन पूर्णांक नऊ सेकंद, चौथी कंपनी एक पूर्णांक सहा! आकडे डोळ्यांपुढे असताना वाद कशाला?

९ मार्च, सोमवार

जुन्या कंपनीची हेल्पलाइन. अकराव्या रिंगला एका बाईने उचलला. घोगरा आवाज. मी विचारत होतो, बॅकअप किती दिवस ठेवता, ती दोनदा शिंकली आणि म्हणाली, "ठेवतो हो." ठेवतो हो! दहापैकी दोन. तेही शिंकेनंतर सॉरी म्हणाली म्हणून.

१२ मार्च, गुरुवार

चौथ्या कंपनीची हेल्पलाइन. दुसऱ्या रिंगला! प्रश्न तोच. "सर, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात." किती स्वच्छ, गोड आवाज. बॅकअप तीस दिवस. दहापैकी नऊ. पैकीच्या पैकी मी कोणालाच देत नाही. माणसं पारखून कशी नेमावीत हे त्या कंपनीला कळतं.

१५ मार्च, रविवार

अकराही वेबसाइट चौथ्या कंपनीकडे हलवल्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. प्रत्येकीच्या पत्त्यात जुन्या कंपनीचं नाव खोडून नवीचं घालायचं. अकरा वेळा घातलं, बावीस वेळा वाचून पाहिलं. एक अक्षर चुकलं नाही.

जुन्या जागेवर फक्त किटली शिल्लक ठेवली आहे. महिन्याचे पैसे भरलेत, राहू दे.

१७ मार्च, मंगळवार

ड्रायव्हिंग स्कूलवाले: "मास्टर, गाडी पाचव्या गिअरमध्ये आहे!" मला मास्टर म्हणाले!

डॉक्टरबाई: "पूर्वी पान उघडेपर्यंत भुलीचा अंमल उतरायचा. आता कसं सुळकन!"

हिला दोन्ही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या सेकंदांत दूधवाल्याचा पण वाटा आहे." चेष्टेकडे लक्ष दिलं नाही.

२० मार्च, शुक्रवार

डॉक्टरबाई दंतवैद्यांच्या संघटनेच्या सचिव आहेत. अठ्ठावीस तारखेला त्यांची वार्षिक सभा. साठ दंतवैद्य. त्यांच्यापुढे मी बोलायचं — होस्टिंग कसं निवडावं!

"तुमच्या नावापुढे डिग्री काय लिहू?" असं त्यांनी विचारलं. काही नाही, नुसतं नाव, असं मी म्हटलं. पत्रिका आली तर नावापुढे छापलंय — होस्टिंगतज्ज्ञ. तीनदा पाहिलं. आयुष्यात कोणी कधी स्टेजवर बोलावलं नाही. कॉलेजांत शिकलेली पोरं अजून मला 'अंकल, हे कुठे शिकलात' असं विचारतात. त्या साठांतल्या वीस जणांनी जरी काम दिलं तरी म्हातारपणापर्यंत बघायला नको. आणि काम राहू दे — साठ शिकलेली माणसं गप्प बसून माझं ऐकणार!

ही इस्त्रीचा शर्ट शोधत होती. अजून आठ दिवस आहेत, म्हटलं. "तुमच्या शर्टाला तेवढे लागतात."

२४ मार्च, मंगळवार

सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी सगळ्या वेबसाइट बंद. नव्या, एक पूर्णांक सहा सेकंदवाल्या कंपनीच्या!

सहज म्हणून जुन्या कंपनीकडची किटली उघडली. तीही बंद.

दहा एकतीसला वेबसाइट आल्या. दहा एकतीसला किटलीही आली.

मग बाकी तिन्ही कंपन्यांच्या किटल्या पाहिल्या. कोणती कधी बंद, कधी चालू याची नोंद काढली. पाचही किटल्या एकाच मिनिटाला गेल्या होत्या, एकाच मिनिटाला परत आल्या होत्या.

प्रत्येक मशिनला एक आकडा असतो, घराला नंबर असतो तसा. पाचही कंपन्यांचा काढला. पाच कागदांवर लिहिला, शेजारी शेजारी ठेवला. एकच आकडा. चष्मा पुसून पाहिला. एकच.

अकरा वेबसाइट दहा तास राबून मी ज्या खोलीतून काढल्या त्याच खोलीत नेऊन ठेवल्या. पत्त्यात नाव बदललं, नंबर बघितलाच नाही. एकेचाळीस रकाने, त्यात शिंकेचा रकाना आहे, मशिनच्या आकड्याचा नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि वळसाही मोजून-मापून.

२५ मार्च, बुधवार

जुन्या कंपनीला फोन केला. बाईने उचलला. ठेवला. चौथ्या कंपनीला केला. बाईने उचलला.

मी म्हटलं, आत्ता तुम्हीच बोललात.

हळूच — "काका, तुम्ही बॅकअपवाले ना?"

सरचे एकदम काका झाले. पण मग मोकळेपणाने बोलली. टेबलावर पाच फोन आहेत, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. लाल वाजला की एका कंपनीचं नाव घ्यायचं, हिरवा वाजला की दुसरीचं. मालक एक, मशिन एक, बाई एक.

मी विचारलं, मग जुन्या कंपनीत बॅकअप "ठेवतो हो" आणि नव्यात तीस दिवस, हे कसं?

"त्या सोमवारी मला सर्दी होती, काका."

तक्त्याबद्दल सांगणार नव्हतो, पण तोंडून गेलं. तुम्हाला दोन दिलेत, असं म्हटलं.

"दहातले दोन?" आवाज पडला तिचा.

नऊसुद्धा दिलेत, म्हटलं.

"म्हणजे सरासरी साडेपाच. आमचे साहेब तर कधी विचारतही नाहीत." आणि मग: "काका, दहा नाही दिलेत?"

दहा कोणालाच देत नाही हे तिलाही सांगावं लागलं.

२६ मार्च, गुरुवार

हिला सगळं सांगितलं. हसली नाही, हे विशेष. खूप वेळ तक्ता बघत राहिली.

"साठ दातवाले. त्यांना कोण सांगणार आहे?"

मी.

"पत्रिका वाटून झाल्यात. डॉक्टरबाईंची मान खाली जाईल. ड्रायव्हिंगवाले तर सोडूनच जातील."

हो.

"आणि पुन्हा कोणी स्टेजवर बोलावणार नाही."

हो, म्हटलं. पण तोंड उघडून एक पूर्णांक सहा म्हणालो तर घरात इतक्या फळ्या सरळ लावल्या त्या कशासाठी?

ती उठली आणि शर्टाला इस्त्री करायला घेतली. "तक्ता घेऊन जा बरोबर. खोटा नाहीये तो. नुसता मूर्ख आहे."

२८ मार्च, शनिवार

स्टेजवर माणसाएवढा प्लास्टरचा दात. त्याच्या मागे उभं राहून बोलायचं. पहिल्या रांगेला माझं फक्त डोकं दिसत असणार.

पहिली दहा मिनिटं तक्ता. रकान्यागणिक टाळ्या. शिंकेच्या रकान्याला तर कोणी 'वा!' म्हणालं. इथेच थांबता आलं असतं. मग पाच कागद काढले आणि आकडा पाच वेळा वाचला. सांगितलं — मी काहीही निवडलेलं नाही. जिथून काढलं तिथेच ठेवलं. ज्यांनी ज्यांनी वेबसाइट जलद झाली म्हणून मला शाबासकी दिली, त्यांची वेबसाइट एका केसाइतकीही जलद झालेली नाही.

डॉक्टरबाईंचा चेहरा लाल. पण मग उभ्या राहिल्या त्याच! "माझी झाली आहे."

मी म्हटलं, मशिन तेच आहे हो.

"असेल. मला फरक जाणवतो."

मागून एक वयस्कर दंतवैद्य उठले. "चाळीस वर्षांत मी कित्येकांच्या न दुखणाऱ्या दाताला नुसतं बोट लावून घरी पाठवलंय. बरे झाले. बोट मात्र नीट हात धुऊन लावलेलं पाहिजे. या गृहस्थांनी एकेचाळीस वेळा हात धुतलेत!"

टाळ्या. उभं राहून! मी दातामागून ओरडत होतो की ऐका, ऐका, काहीच झालेलं नाही. कोणी ऐकेना. सात जणांनी कार्ड दिलं. एकाने विचारलं, आमच्या दवाखान्याचं होस्टिंग असंच हलवून मिळेल का? मी म्हटलं, कुठून कुठे? "ते तुम्ही ठरवा."

घरी आल्यावर हिने विचारलं, फार बोलले का लोक? मी म्हटलं, कोणी एक शब्द बोललं नाही. तेच तर!

३० मार्च, सोमवार

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, शिकणाऱ्या मुलीला उतरवलं, इंजिन बंद केलं. "म्हणजे मी पाचव्या गिअरमध्ये नव्हतो?"

नाही.

"मग मला कशाला सांगितलंत? छान चाललं होतं." दुसरा माणूस बघतो म्हणाले. मास्टर म्हणाले नाहीत. चालत परत आलो.

आता दहा क्लायंट. त्यांच्यासाठी खरोखर वेगळं मशिन शोधायला घेतलं आहे. नवा तक्ता. एक रकाना.

२ एप्रिल, गुरुवार

संघटनेचं पत्र आलं, सही-शिक्क्यासह. साठही दवाखान्यांच्या वेबसाइट त्याच मशिनवरून त्याच मशिनवर हलवून द्याव्यात, दर वर्षी एकदा, तक्त्यासकट. मोबदला चार लाख ऐंशी हजार. नको म्हणून कळवलं.