निजलेल्या म्हाताऱ्याचे पाय

कुर्ना, ९ फेब्रुवारी १९२६
चि. बदावी यास अ. आ.,

पत्र मशिदीतले शेख इस्माईल लिहून देताहेत, माझ्या शिव्या तेवढ्या गाळतात. तू कैरोच्या संग्रहालयात बसून अहवाल खरडलास आणि तुझ्या साहेबाने आमचा निजलेला म्हातारा दोरखंडांनी आवळून नावेत घातला. मूल हवं असलेल्या बायका शेतातला तो उताणा दगड ओलांडत. आईनेही ओलांडला, म्हणून तर तू झालास! अभ्यासाला दुसरा दगड मिळाला नाही का रे?

म्हातारा गेला, तरी तुझ्या बायकोला, बहीजाला, इकडे पाठव. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरगी झुरते आहे. कारण विचारू नकोस.

रागाखाली लोभ आहे, शोधून घे.
तुझी नफीसाताई

कैरो, २६ फेब्रुवारी
ती. ताईस स. वि. वि.,

गावाला अक्कल कधी येणार? तुमचा म्हातारा म्हणजे जुन्या राजाचा पुतळा. त्याच्या दंडावरचं नाव मी स्वतः वाचलं. पाय सापडले नाहीत, म्हणून प्लास्टरचे लावून त्याला ताठ उभा केलाय. जगभरचे विद्वान बघायला येतात. दगड ओलांडून पोरं होत असती, तर कुर्न्याच्या शेळ्यांनी अख्खा देश भरला असता. माझ्या बायकोला मी डॉक्टरकडे नेईन.

अडाणीपणा सोडून लोभ करावा.
बदावी

कैरो, ३ जून
ती. ताईस स. वि. वि.,

हे वाचण्याआधी शेखना शपथ घाल. डॉक्टरांनी हात टेकले. बहीजा जेवत नाही. परवा संग्रहालय बंद असताना तिला गुपचूप आत नेलं. पण उभा म्हातारा ओलांडायचा कसा? मीच त्याला उभा करवला हे तिला ठाऊक आहे. शेवटी तिने त्याच्याभोवती फेरे घातले. ते चालतं का?

लोभ कमी करू नकोस.
बदावी

कुर्ना, १५ जून
चि. बदावी यास अ. आ.,

नाही चालत. उभ्याभोवती फिरतात ते तुझे विद्वान. शेखनी हसत हसत शपथ घेतली, त्यांच्या सुनेनेही म्हातारा ओलांडलेला आहे.

आणि पाय सापडले नाहीत म्हणे! शहाण्या, साहेब यायच्या आदल्या दिवशीच आम्ही बायकांनी ते तुटके पाय ओढून आणले. माझ्या गोठ्यात कडब्याखाली निजलेत. तू माझा भाऊ असलास तरी नोकर साहेबाचा, म्हणून बोलले नाही. बायका अजून येतात, ओलांडतात.

बहीजाला घेऊन लगेच ये. ती ओलांडेल तेव्हा नवऱ्याने अनवाणी उभं राहायचं असतं, तेव्हा ते चकचकीत बूट दाराबाहेर काढ. आणि या पायांचा अहवाल लिहिलास, तर होणारं पोर तुझ्या मांडीवर देणार नाही.

लोभ आहेच, मेल्या.
तुझी ताई