पार्श्वध्वनी आढळला

तीर्थरूप वन्सं,

शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार जमिनीला डोकं टेकवून केला आहे, पण हळूच, कारण काहीही करायचं ते आवाज न करता, अशी सध्या या घराला सवय लागली आहे.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी आणि तुमचे बंधुराज, कारण या घरातले तिसरे सध्या तुमच्याकडे आहेत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींनी दाढ काढून घेतली, की अजून येईल-जाईल त्याला तोंड उघडून दाखवतात? एकदाची काढून टाका म्हणावं, आता बघायचं कोणी राहिलेलं नाही.

मामंजी तुमच्याकडे सुखरूप पोहोचले हे भावोजींकडून कळलं, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. असे अचानक कसे आलात, असं तुम्ही विचारलं असेल आणि त्यांनी 'हवापालटाला' असं सांगितलं असेल. वन्सं, हात जोडते, तो शब्द त्यांच्यासमोर पुन्हा काढू नका. ते हवापालटाला आलेले नाहीत, माझ्यावर रुसून आले आहेत. या घरात आता पाऊल ठेवणार नाही, असं दारात चप्पल घालताना म्हणाले, आणि तुमचे वडील एकदा बोलले की ते छापून झालेलं वाक्य, त्यात दुरुस्ती नाही. त्यांना परत आणायचं आहे आणि ते तुमच्याच हातात आहे, म्हणून झालं ते पहिल्यापासून लिहिते. फोनवरच सांगितलं असतं, पण या सगळ्या रामायणाला फोनच कारण आहे. सध्या तो पिठाच्या डब्यात आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, कपड्यांच्या दुकानात बसून मी जन्मभर लोकांच्या पँटी आखूड केल्या. आता एका शिवणवर्गाला घरबसल्या शिकवणारी बाई हवी होती. धड्यांचे व्हिडिओ आपण घरी करायचे आणि त्यांनी ते शिकणाऱ्यांना दाखवायचे. नमुन्यादाखल त्यांनी पहिला धडा मागवला, हातानं काज कसं करावं. काज करण्यात माझा हात धरणारी बाई अजून जन्माला यायची आहे (हे मी नाही, आमचे दुकानदार म्हणतात), तेव्हा मी एका बैठकीत धडा करून पाठवून दिला. तो परत आला. वर्गाच्या बाईंनी कळवलं की काज उत्तम आहे, पण पार्श्वध्वनी फार आहे, तेवढा काढून पुन्हा पाठवा. मी फोन कानाला लावून नीट ऐकलं. माझा आवाज होता, नाही असं नाही, पण बाजारात हरवलेल्या मुलासारखा मधूनच कुठूनतरी यायचा. बाकी सगळा फ्रिज, पंखा, शेजारच्यांचं भिंतीला भोक पाडायचं यंत्र, आणि तुमच्या बंधुराजांनी डोक्यावर असलेला चष्मा घरभर शोधला, ती हकिकत अथपासून इतिपर्यंत.

मग मी हात धुऊन आवाजाच्या मागे लागले. भिंतींवर रजया टांगल्या. एक खिडकी सुईत दोरा ओवायच्या उजेडासाठी सोडली आणि बाकीच्या खिडक्यांना गाद्या उभ्या करून लावल्या (झोपलो आम्ही फळ्यांवर, पण ते असो). फ्रिज बंद केला, पंखा बंद केला. वन्सं, आवाजाचं एक आहे, एकाला गप्प केलं की त्याच्या मागे दबून बसलेला दुसरा मान वर काढतो. फ्रिज थांबला तेव्हा घड्याळ ऐकू यायला लागलं. घड्याळ तांदळात पुरलं तेव्हा नळाची टिपटिप सुरू झाली. नळाला मी दोरा बांधून तो बादलीपर्यंत खाली सोडला, म्हणजे थेंब दोऱ्यावरून मुकाट्यानं उतरतो (ही युक्ती लक्षात ठेवा, उपयोगी आहे). नळ गप्प झाला तर वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकायला लागल्या. मी सरळ बंधुराजांचे होते नव्हते तेवढे मोजे घेऊन वर गेले आणि प्रत्येक खुर्चीच्या प्रत्येक पायात एकेक मोजा घालून वरून टाके घातले. वरच्या बाईंची मोज्यांना हरकत नव्हती, फक्त एका खुर्चीला एकाच रंगाचे हवेत एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बंधुराज तेव्हापासून नुसते बूट घालून कामावर जातात. त्यांचे गुडघे उठता-बसता वाजतात, म्हणून धडा सुरू झाला की मी त्यांना चहा देऊन न्हाणीघरात बसवते, आणि फुरका मारायचा नाही अशी ताकीद देते. वन्सं, तुमचा भाऊ देवमाणूस आहे. चहा गार होईपर्यंत थांबतात आणि पाण्यासारखा पिऊन टाकतात.

इतकं झाल्यावर घरात अशी शांतता झाली की टाचणी पडली तर ऐकू यावी (आमच्याकडे त्या पडतातच, आणि ऐकू आल्यासुद्धा). त्या शांततेत माझ्या मागून आवाज आला, "च्च."

आता मामंजींचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला हे मी तुम्हाला काय सांगणार? निवृत्त झाले तरी रोजचा पेपर लाल पेन घेऊनच वाचतात, आणि चूक दिसली की 'च्च' करतात. ऱ्हस्व-दीर्घाला एक, अख्खा शब्द बदलला असेल तर दोन. हल्लीचे पेपर म्हणजे तुम्ही जाणताच. उजेडाची खिडकी एकच, त्यामुळे त्यांची खुर्ची आणि माझं स्टूल यांत हातभर अंतर. त्यांना उठा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्या खुर्चीवर ते मी या घरात यायच्या आधीपासून बसतात. मग बंधुराजांनी तोडगा काढला. (इथे मी कोणाला दोष देत नाही. पण तोडगा त्यांचा होता.) त्यांनी फोनवर एक अॅप घेतलं. आपण बोलत असताना दुसरा कुठला आवाज झाला की ते अॅप ताबडतोब मोठ्यानं सांगतं, म्हणजे सबंध धडा वाया जात नाही. त्यात भाषा निवडायची होती, आणि आपल्या घरात आपली भाषा हवी म्हणून बंधुराजांनी अभिमानानं मराठी निवडली.

नेमकी त्या दुपारी मामंजींची फिरायला जाणारी मंडळी चहाला आली होती. मी म्हटलं, जरा वेळ कोणी बोलू नका, माझा धडा होऊ दे. बिचारे फोटोला बसल्यासारखे बसले. मी सुरुवात केली, की आधी बटण मोजून काजाची लांबी खडूनं आखावी, दोरा मेणावरून फिरवून घ्यावा. तेवढ्यात मामंजींच्या पेपरात नगराध्यक्षांच्या हस्ते नव्या मुलाचं उद्घाटन झालं. (तो पूल होता, हे मागाहून कळलं.) मामंजींनी दोनदा 'च्च' केलं आणि फोनमधली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "पार्श्वध्वनी आढळला. कृपया कमी करा."

वन्सं, मेली भाषाच अशी आहे. पार्श्वभूमी म्हटलं की सगळे गंभीर होतात, पार्श्वगायन म्हटलं की माना डोलावतात, पण नुसता पार्श्व आणि पुढे ध्वनी म्हटल्यावर चारचौघांच्या मनात काय यायचं तेच आलं. सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मामंजी म्हणाले, "मी काही केलेलं नाही." बाई म्हणाली, पार्श्वध्वनी आढळला. मामंजी चिडून उभे राहिले आणि आवाज चढवून म्हणाले की मी फक्त च्च केलं. बाई म्हणाली, पार्श्वध्वनी वाढला आहे. ते जितकं ओरडून नाही म्हणत, तितकी ती हो म्हणे. मी फोन बंद करायला धावले, तर बोटांना मेण लागलेलं, फोनला माझं बोटच कळेना. शेवटी मंडळींतले निवृत्त पोस्टमास्तर खिशातून रुमाल काढत अगदी मायेनं म्हणाले, "अहो, या वयात चालायचंच. कोणाला चुकलंय?"

तिथेच थांबले असते तरी निभावलं असतं. पण मामंजींनी कपाटातून शब्दकोश काढला आणि पार्श्व म्हणजे कूस, बाजू, हे सगळ्यांना वाचून दाखवलं. पोस्टमास्तरांनी चष्मा लावून त्याच्या पुढचा शब्द वाचला. तो पार्श्वभाग होता, आणि त्याचा अर्थ कोशात एकाच शब्दात दिला आहे. त्यावर मामंजींनी लाल पेन घेतलं, फोनच्या काचेवर उमटलेला 'पार्श्वध्वनी' खोडला आणि कडेला दुरुस्तीची खूण केली. ती शाई अजून निघालेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून बागेतल्या बाकावर मंडळी मामंजींच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसायला लागली. एकानं पाचक चूर्णाची पुडी हातात ठेवली, ती तर प्रेमानं ठेवली, म्हणून जास्त लागली. मामंजी फिरायला जायचे बंद झाले. ते बघून बंधुराजांच्या पोटात तुटलं आणि त्यांनी अॅपवाल्यांना कडक तक्रार लिहिली. अॅपवाल्यांनी चक्क क्षमा मागितली आणि शब्द बदलला. झालं, बंधुराज हरखले. जिथे अब्रू गेली तिथेच ती परत मिळाली पाहिजे म्हणून त्यांनी सगळ्या मंडळींना पुन्हा चहाला बोलावलं. आधी एकदा घरात ऐकून बघावं, एवढं या देवमाणसाला सुचलं नाही (आणि मलाही सुचलं नाही, ते सोडा). मंडळी आली. पोस्टमास्तर दाराजवळ बसले. मामंजी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले. मी फोन लावला आणि म्हटलं, करा आता. मामंजींनी स्पष्ट, स्वच्छ, छापील 'च्च' केलं. फोनमधली बाई म्हणाली, "तुमच्या मागून आवाज येत आहे. दारं-खिडक्या तपासा."

पोस्टमास्तर उठले आणि त्यांनी खिडकी उघडली. चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मामंजी तुमच्याकडे निघाले.

आता तुम्हीच त्यांना समजवा. यंत्राला माणसाची पुढची बाजू कळत नाही की मागची. त्याला च्च आणि दुसरं काही यांतला फरक कळत नाही. ते बिचारं नुसतं आवाज म्हणतं, अर्थ आपण लावतो. मामंजींनी काही केलेलं नाही, याची मी शपथेवर ग्वाही देते, मी हातभर अंतरावर बसले होते. इकडे घर एकदम शांत झालं. मी धडा केला, पाठवला, वर्गाच्या बाईंना तो इतका आवडला की काम मला मिळालं. बंधुराजांना सांगितलं, तर ते न्हाणीघरातून वा म्हणाले. ज्यांना आधी सांगायला हवं होतं ते नव्हते. वन्सं, मला करमत नाही. पेपर येतो आणि घडी न मोडता पडून राहतो. काल पहिल्याच पानावर सभेला प्रचंड सर्दी लोटली होती. मी मुद्दाम च्च करून पाहिलं, पण माझं ते काही खरं वाटत नाही. त्यांना म्हणावं, वाटेल तेवढे आवाज करा, पण या.

भावोजींना आणि त्यांच्या दाढेला नमस्कार. तुमच्या उत्तराची वाट पाहते आहे, ते कितीही मोठ्या आवाजात आलं तरी चालेल.

आपली धाकटी,
भावजय

ता. क. मामंजींच्या पिशवीत माझी छोटी कात्री गेली आहे. पेपरातल्या चुका ते तिनंच कापून ठेवतात. तिच्याशिवाय माझा दुसरा धडा अडला आहे. मामंजी यायला उशीर करणार असतील तर निदान कात्री पुढे पाठवा. (हे पत्र मी कात्रीसाठी लिहिलं असा अर्थ कृपया काढू नये.)

ता. क. दुसरा. भावोजींचे जुने मोजे असतील तर तेही पाठवा, असं बंधुराजांनी लिहायला सांगितलं आहे. कोणत्याही रंगाचे चालतील.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहिते. बंधुराज कामावर गेले, आणि दुसऱ्या धड्याची तालीम करावी म्हणून मी फोन पिठातून काढला. बटण फार घट्ट बसू नये म्हणून त्याच्याखाली काडेपेटीची काडी ठेवून टाके घालतात, ते दाखवायला मी तोंडातून चकार शब्द न काढता वाकले. फोनमधली बाई म्हणाली, तुमच्या मागून आवाज येत आहे. वन्सं, मागे कोणीही नव्हतं. खुर्ची रिकामी होती आणि पेपर घडीतच होता. वर मी शपथेवर लिहिलं आहे की यंत्राला त्यातलं काही कळत नाही. कळतं. हे वाचून तुम्हाला पत्र लपवावंसं वाटेल, लपवू नका. खरं सांगायचं तर आता वरचं सगळं राहू द्या, एवढाच भाग मामंजींना मोठ्यानं वाचून दाखवा. पोस्टमास्तरांना आणि अख्ख्या बाकाला हे सांगायची त्यांना माझी परवानगी आहे, तेही माझ्या नावानिशी. आणि ते हसले, की हसू मावळायच्या आत त्यांना बसमध्ये बसवून द्या.